उभ्या पियानोचें दुखणें



मुंबई-पुण्याकडील कांहीं जुन्या घरांत, गोव्यांतील दिवाणखान्यांत, आणि पुष्कळ शाळांच्या प्रार्थनागृहांत भिंतीला पाठ लावून उभा असलेला एखादा जुना पियानो आपण पाहिला असेल. त्याच्या डोक्यावर फुलदाणी असते, वडिलांची तसबीर असते, क्वचित् घड्याळहि असतें. एखादा पाहुणा सहज झांकण उघडतो, एक पट्टी दाबतो, आणि ती खालीं जाते ती वर येतच नाहीं. मग घरांतील मंडळी निकाल देऊन मोकळी होतात : "म्हातारा झाला बिचारा, आतां भंगारवाल्यास बोलवा." माझी तक्रार या निकालाबद्दल आहे. रोग कोणता हें न पाहतां रोग्यास स्मशानांत पोंचविण्याचा हा प्रकार आहे, आणि अशा रीतीनें कितीतरी चांगलीं वाद्यें मोडीच्या भावानें गेलेलीं मीं पाहिलीं आहेत.

या विषयावर बोलण्याचा अधिकार मला विद्वत्तेनें आलेला नाहीं. मी मॅट्रिकपलीकडे शिकलों नाहीं, आणि पियानोवर एका बोटानें राष्ट्रगीत वाजविण्यापलीकडे माझी मजल गेली नाहीं. मला अधिकार आला तो एका अपराधानें, आणि तो आधीं कबूल करणें बरें.

मी ज्या शाळेंत शिकवीत होतों तेथें लंडनमध्यें बनलेला एक उभा पियानो होता. एका वर्षीं आषाढांत, स्वातंत्र्यदिनाच्या गाण्यांची तालीम सुरू असतांना, त्याच्या मधल्या सप्तकांतील पट्ट्या सुस्त झाल्या. एकदां वाजल्या कीं दुसऱ्यांदां वाजावयास तयार नाहींत. मला नसती हौस. मीं शिवणवर्गाच्या कपाटांतून शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली, पियानोची पुढची फळी काढली, आणि दिसेल त्या सांध्यावर एकेक थेंब सोडला. त्या दिवशीं वाद्य असें सुरेख चाललें कीं मुख्याध्यापकांनीं माझी पाठ थोपटली. पंधरा दिवसांनीं त्याच पट्ट्या डिंक ओतल्यासारख्या बसल्या.

तेव्हां गोव्याकडील एक वृद्ध कारागीर बोलावण्यांत आले. आम्ही त्यांस 'बाब' म्हणत असूं. त्यांनीं एक सांधा काढून नाकाशीं धरला आणि ते म्हणाले, "मास्तर, हें शिवणयंत्र नव्हे. तुम्हीं बनात भिजवलीत."

मीं ओशाळून विचारलें, "मग आतां उपाय काय, बाब?"

"उपाय मी करीन. तुम्ही मात्र हा उभा कां राहिला तें एकदां वाचून काढा. पुन्हां हातीं तेल घेणार नाहीं."

मीं वाचून काढलें. आजचें भाषण त्या वाचनाचें फळ आहे.

तार दोन रीतींनीं वाजवितां येते. ती छेडावी, किंवा तिच्यावर आघात करावा. सतराव्या शतकांत युरोपांत जें हार्पसिकॉर्ड नांवाचें वाद्य प्रचारांत होतें त्यांत पट्टी दाबली कीं पिसाचें टोंक तारेस छेडून जाई. पट्टी हळूं दाबा वा जोरानें दाबा, आवाज जवळजवळ तेवढाच. आघात करावा तर वेगळीच अडचण उभी राहते. आपल्या संतूरवादकाचा हात आठवा. त्याची काडी तारेवर पडते आणि त्याच क्षणीं उडते. ती तारेवर टेकून राहील तर नाद जन्मतांच गुदमरेल. मनुष्याच्या मनगटास हें सहज साधतें, परंतु लांकडी पट्टीच्या शेवटास बांधलेल्या हातोडीस तें कसें साधावें? बोट पट्टीवर दाबलेलेंच राहणार, आणि मग हातोडीहि तारेवर दाबलेलीच राहणार.

हा पेंच बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिरानें सोडविला. हा मूळचा पादुआचा. त्याचा जन्म १६५५ सालचा. फ्लॉरेन्स येथें राजपुत्र फेर्दिनांदो मेदिची याच्या पदरीं तो वाद्यें बनविण्याचें व संभाळण्याचें काम करीत असे. मेदिचींच्या वाद्यांच्या १७०० सालच्या यादींत त्याच्या या नव्या वाद्याची नोंद आहे, आणि १७११ सालीं शिपिओने माफ्फेई या लेखकानें आकृतीसह त्याचें वर्णन छापलें. क्रिस्तोफोरीच्या हातचे तीन पियानो आजहि न्यूयॉर्क, रोम आणि लाइप्झिग येथें जपून ठेवलेले आहेत. त्याची युक्ति अशी कीं पट्टीनें हातोडीस तारेपर्यंत न्यावयाचेंच नाहीं. पट्टीवर एक लहानशी दांडी उभी असते. कारागीर तिला जॅक म्हणतात. ती हातोडीस वर ढकलते, आणि तार अगदीं थोड्या अंतरावर राहिली असतां स्वतः बाजूस निसटते. उरलेला रस्ता हातोडी आपल्या वेगानें तोडते, तारेवर आदळते, आणि खालीं कोणी धरून ठेवणारें नसल्यामुळें परत पडते.

'परत पडते' हे दोन शब्द लक्षांत ठेवावे. क्रिस्तोफोरीचा पियानो आडवा होता, त्याच्या तारा जमिनीस समांतर होत्या, आणि हातोडी खालून वर जात होती. तिला परत आणण्यासाठीं त्याला कांहींच खर्च करावा लागला नाहीं, कारण तें काम पृथ्वीच्या आकर्षणानें फुकट केलें.

आतां हा आडवा पियानो ठेवावयाचा कोठें? राजवाड्यांत जागेची ददात नसते, शहरांतल्या घरांत असते. म्हणून वाद्य उभें करण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. इटलींत दोमेनिको देल मेला यानें १७३९ सालीं एक उभा पियानो केला. त्यानंतर पिरॅमिडच्या आणि जिराफाच्या आकाराचीं उंचच उंच वाद्यें निघालीं. त्यांत तारा टेबलाच्या उंचीपासून वर छताकडे जात, त्यामुळें वाजविणाऱ्यापुढें एक कपाटच उभें राही. तारांचें खालचें टोंक जमिनीपर्यंत न्यावें, म्हणजे वाद्य ठेंगणें होईल, हें १८०० च्या सुमारास दोघांस सुचलें : फिलाडेल्फियांत जॉन आयझॅक हॉकिन्स यास आणि व्हिएन्नांत मात्थिआस म्यूलर यास. हॉकिन्सचें एक वाद्य टॉमस जेफर्सन यांनीं आपल्या मुलीसाठीं विकत घेतलें, परंतु तें सुरांत राहीना. मोठ्या माणसांच्या घरींहि पियानोच्या तक्रारी असतात, एवढें समाधान आपण त्यांतून घ्यावें.

येथें श्रोत्यांनीं मला थोडी मदत करावी. मी आपणांस वाद्य दाखवूं शकत नाहीं, पण आपला हात आपल्यापाशीं आहे. कोपर टेबलावर टेकवा आणि हात टेबलावर आडवा ठेवा. आतां पंजा थोडासा वर उडवा. तो आपोआप खालीं पडला ना? ही आडव्या पियानोची हातोडी. आतां कोपर तेथेंच ठेवून हात सरळ उभा करा, किंचित् आपल्याकडे कलता, आणि समोर भिंत आहे अशा कल्पनेनें तिच्यावर टिचकी मारा. टिचकी मारून झाल्यावर हात जेथल्या तेथें राहतो. त्याला मागें ओढणारें कोणी नाहीं. ही उभ्या पियानोची हातोडी. वाद्य उभें केल्याबरोबर आकर्षणाची फुकट चाकरी जवळजवळ सुटली, आणि तिच्या जागीं पगारी नोकर ठेवावे लागले. आपल्या जुन्या पियानोचीं बरींचशीं दुखणीं या पगारी नोकरांचीं आहेत.

हे नोकर चांगल्या रीतीनें कामास लावण्याचें श्रेय मुख्यतः रॉबर्ट वोर्नम या लंडनच्या कारखानदारास दिलें पाहिजे. याचा काळ १७८० ते १८५२. १८११ व १८१३ सालीं त्यानें ठेंगणे उभे पियानो बाजारांत आणले आणि पुढें तीस वर्षें तो त्यांची यंत्ररचना सुधारीत राहिला. १८४२ सालच्या त्याच्या पेटंटांत एक अगदीं साधी वस्तु आहे : कापडी फीत. फितीचें एक टोंक हातोडीच्या बुडख्यास आणि दुसरें टोंक पट्टीनें उचलल्या जाणाऱ्या तरफेस जोडलेलें असतें. बोट उठलें कीं तरफ आपल्या भारानें खालीं जाते आणि जातांना फितीनें हातोडीस मागें ओढून आणते, एखादी आई रेंगाळणाऱ्या मुलाचें बोट धरून त्यास ओढते तशी. जोडीला एक बारीक स्प्रिंग हातोडीस मागें रेटते. एक लहानशी नमदा लावलेली गादी परतणाऱ्या हातोडीस वाटेंत धरते, म्हणजे ती उसळून तारेवर पुन्हां पडत नाहीं. पॅरिसच्या प्लेयेल व पाप यांनीं ही रचना उचलली, आणि तिचा तिकडे एवढा प्रसार झाला कीं लंडनमध्यें जन्मलेल्या या यंत्रास लोक पुढें फ्रेंच म्हणूं लागले. याच पाप महाशयांनीं १८२६ सालीं हातोडीस चामड्याऐवजीं नमदा लावण्याचें पेटंट घेतलें. आपल्याकडील कसरीस त्यांनीं केवढी मेजवानी करून ठेवली याची त्यांस कल्पना नसावी.

तर उभ्या पियानोच्या पोटांत लांकूड, लोकर, कापड आणि तार यांनीं हें सर्व काम चालतें. लांकूड पाणी पितें, लोकर कसर खाते, कापड कुजतें, आणि बारीक तार थकते. यांपैकीं कशाचाहि अर्थ वाद्य मेलें असा होत नाहीं. कोणता नोकर आजारी आहे तें ओळखतां आलें पाहिजे, एवढेंच.

पट्टी वर येत नाहीं, ही सर्वांत सामान्य तक्रार. तेथें पहिली परीक्षा नखाची. खालीं राहिलेल्या पट्टीचें टोंक नखानें अलगद उचलावें. ती घट्ट, कशांत तरी रुतल्यासारखी उचलली गेली आणि सोडल्यावर मध्येंच राहिली, तर दुखणें खुद्द पट्टींत आहे. उलट ती अगदीं सैल उचलली जाऊन पुन्हां खालीं पडली, तर पट्टी निर्दोष आहे. पट्टीचें पुढचें टोंक वर राहतें तें मागच्या टोंकावर बसणाऱ्या यंत्राच्या भारामुळें. तो भार वरच कोठें अडकून बसला आहे, एवढाच या सैलपणाचा अर्थ.

दुखणें पट्टींत असेल तर बहुधा पावसाळा गुन्हेगार असतो. प्रत्येक पट्टी दोन खिळ्यांवर बसलेली असते, एक मध्यावर आणि एक पुढच्या टोंकाखालीं, आणि खिळ्यांच्या भोंकांस तांबड्या बनातीचें अस्तर असतें. आषाढ-श्रावणाच्या हवेनें लांकूड व बनात दोन्हीं फुगतात आणि पट्टी खिळ्यास आवळते. मार्गशीर्षांत तीच पट्टी आपण होऊन सुटते. ज्या पट्टीचें दुखणें थंडींत जातें तिला दमट हवेचा विकार आहे असें खुशाल समजावें. कारागिरापाशीं एक निराळी पक्कड असते. तिनें तो ती बनात किंचित् दाबून देतो आणि पट्टी मोकळी होते. मात्र हें करण्यापूर्वीं पट्ट्यांच्या फटींत पाहून घ्यावें. आमच्या शाळेच्या पियानोंत पेन्सिलीचे तुकडे, केसांच्या दोन पिना आणि एक चार आण्यांचें नाणें निघालें. त्या नाण्यानें दोन स्वर कित्येक वर्षें मुके ठेवले होते, आणि आम्ही मात्र इंग्रज कारखान्यास दोष देत होतों.

दुखणें यंत्रांत असेल तर पुढची वरची फळी काढून ती पट्टी अगदीं सावकाश दाबावी आणि काय होतें तें डोळ्यांनीं पाहावें. माझ्या अनुभवांत या सावकाश दाबण्यानें जेवढें कळतें तेवढें दुसऱ्या कशानें कळत नाहीं. हातोडी तारेच्या दिशेनें निघते आणि तारेपासून सुमारें ३ मिलिमीटरवर आली असतां जॅक निसटून ती थोडी मागें येते. हीच क्रिस्तोफोरीची युक्ति, ती आपण आपल्या घरांत पाहत असतां. ती मागें न येतां तारेवरच दाबून बसली, तर जॅक फार उशिरा निसटत आहे, आणि तें अंतर ठरविणारा एक स्क्रू फिरवून दुरुस्त करतां येतें. पट्टी थोडी खालीं गेल्यावरहि हातोडी जागची हलत नसेल, तर मधला नमदा वर्षांनुवर्षें दबून पातळ झाला आहे. अशा वाद्यावर नाजूक वाजवूं जातां स्वर चुकतात आणि मुलांस बोलणीं बसतात. एकदां मारलेला स्वर दोनदां वाजत असेल, तर परतणाऱ्या हातोडीस धरणारी गादी दूर सरली आहे किंवा गुळगुळीत झाली आहे.

आणि हातोडी तारेकडे जाते पण परततांना रेंगाळते, तेव्हां तीन नोकरांची चौकशी करावी. पहिली फीत. ती कुजून तुटलेली डोळ्यांस सरळ दिसते. बदलावयास ती स्वस्त आहे, पण एक तुटली म्हणजे बाकीच्यांचेंहि आयुष्य संपत आलें असें धरून सगळ्या एकदम बदलणें शहाणपणाचें. फीत तुटलेली असतां यंत्र बाहेर काढूं नये, कारण तरफ खालीं लोंबते, जॅक आपल्या जागेवरून निसटतो, आणि परत बसवितांना एखादी दांडी मोडून बसते. दुसरी स्प्रिंग. पॅरिसच्या श्वांडर पद्धतीच्या यंत्रांत ही स्प्रिंग दोऱ्याच्या एका बारीक फांशांत अडकविलेली असते. शंभर वर्षांत स्प्रिंग शाबूत राहते आणि दोरा झिजून तुटतो, मग स्प्रिंग नुसती हवेंत हात हलवीत राहते. तिसरा सांधा. हातोडी ज्यावर फिरते ती धातूची सुई सव्वा मिलिमीटरहून फारशी जाड नसते, आणि ती बनातीच्या अस्तरांत फिरते. अस्तर दमटपणानें फुगलें कीं सुई जखडते. येथेंच माझ्यासारखे लोक तेल घालतात. तेलानें पहिल्या दिवशीं घर्षण कमी होतें. मग बनात तें तेल पिते, त्यावर धूळ बसते, पितळावर हिरवा चिकट थर चढतो, आणि शेजारचें लांकूडहि तेलकट होऊन तेथें पुढें सरस धरत नाहीं. जाणता कारागीर पाणी मिसळलेल्या स्पिरिटचा थेंब घालून ती फुगलेली बनात आकसवितो, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर जुनी सुई काढून भोंक साफ करून नवी बसवितो.

एका प्रकारच्या वाद्याविषयीं मात्र सावध करतों. पुढची फळी काढल्यावर हातोड्यांपुढें तारांचा पिंजरा दिसला, तर तें जुन्या इंग्रज किंवा जर्मन घडणीचें वाद्य समजावें. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हीं बनत असत. नाद थांबविणाऱ्या गाद्या त्यांत हातोड्यांच्या वर, तारेच्या टोंकाजवळ टेकतात, आणि तारेचें टोंक दाबल्यानें नाद नीट थांबत नाहीं. म्हणजे अशा पियानोवर पट्टी सोडल्यावरहि स्वर थोडा घोटाळत राहिला, तर तो बिघाड नव्हे, जन्मस्वभाव आहे. शिवाय फितींपर्यंत पोंचण्यासाठीं तो सारा पिंजरा सोडवावा लागतो. पुष्कळ कारागीर या वाद्यांस हात लावण्यास नाखूष असतात, आणि त्यांचें कांहीं चुकतें असें मला वाटत नाहीं.

कांहीं वाद्यें खरोखरच जातात, हेंहि सांगितलें पाहिजे. आंतील लोखंडी चौकट तडकली असेल, किंवा सुराच्या खुंट्या ज्या लांकडांत रुतलेल्या असतात तेंच फाटून खुंट्या धरेनासें झालें असेल, तर फार खर्च करूं नये. आणि तारांना किंवा त्या खुंट्यांना घरच्या माणसानें कधींहि हात लावूं नये. एकेका तारेवर सामान्यतः ७० ते ९० किलोंचा ताण असतो. फळी काढून पाहणें, नखानें पट्टी उचलणें, सावकाश दाबणें, फितींवर बॅटरीचा उजेड टाकणें, कसरीचे कण दिसतात कां तें पाहणें, एवढें घरच्या माणसाचें काम. मग कारागिराला बोलावून "पियानो बिघडला" असें मोघम न सांगतां "अमुक पट्टी सैल पडते आणि हातोडी परतत नाहीं" असें सांगावें. डॉक्टरापुढें रोग्यानें "कसेंसेंच होतें" म्हणण्यांत आणि "उजव्या कुशींत दुखतें" म्हणण्यांत जेवढा फरक, तेवढा यांत आहे, आणि बिलांतहि तो दिसतो.

आमच्या पियानोचें काम बाब तीन दिवस करीत होते. पंच्याऐंशीं पट्ट्यांच्या पंच्याऐंशीं फिती त्यांनीं बदलल्या. मीं तेल घातलेले सांधे अकरा होते. ते एकेक बाहेर काढून त्यांनीं स्पिरिटनें धुतले, जुनी बनात कोरून काढली, नवी घातली, सुया बदलल्या. मी जवळ बसून त्यांना हवें तें हातीं देत होतों. जातांना त्यांनीं त्या अकरा जुन्या, हिरव्या पडलेल्या सुया कागदाच्या पुडींत बांधून माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, "मास्तर, हें तुमचें."

एका सांध्याच्या लांकडांत तेल फार खोल गेलें होतें, तें निघालें नाहीं. मधल्या सप्तकांतील त्या गंधाराची हातोडी मी निवृत्त होईपर्यंत दर आषाढांत जरा उशिरां परतत असे. गाणारीं मुलें तेथें क्षणभर थांबावयास शिकलीं होतीं. शिवणवर्गाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती, पण मी तिकडे पुन्हां गेलों नाहीं.